सातवी रांग

"मामा, एक्केचाळीस सोळा कुठं आहे?" शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या पोरीनं वरूनच विचारलं.

मी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. "अकराव्या रांगंत, भिंतीकडनं नववा. परवा दुपारी नामदेवनं आणून लावलाय. पुढची चाकं डावीकडं वळलेली असतील बघ, त्याची खोडच हाय ती."

ती शिडीवरून उतरली, अकराव्या रांगेत गेली, भिंतीकडून नऊ मोजले आणि वाकून चासीवर ठोकलेला नंबर वाचला. परत येऊन आणखी तीन नंबर विचारले. तिन्ही मी सांगितले, तिन्ही तिथंच मिळाले. पाचवा तिनं विचारलाच नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा शिडी चढली. मला वाटलं, आता ही आपली पेटी उचलून गावाकडं जाईल. तेवढी समज मात्र तिला नव्हती.

ही २०११ सालची गोष्ट. कागलच्या एमआयडीसीत ट्रॅक्टर बनवणारी एक कंपनी होती. तिच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. लाइनवरून तयार होऊन उतरलेला ट्रॅक्टर डीलरकडं जाईपर्यंत आमच्या शेडमध्ये उभा राहायचा. चौदा रांगा, एका रांगेत बेचाळीस. सगळे लाल, सगळ्यांची तोंडं एकीकडं, आणि नंबर असा अडचणीत ठोकलेला की वाचायला कंबर मोडून वाकावं लागे. डीलरचा ट्रक दारात लागला की त्याच्या कागदावरचे नेमके पाच-सहा ट्रॅक्टर त्या गर्दीतून काढून द्यायचे. ते काम माझं होतं. माझं नाव हिंदुराव पोवार, पण शेडमध्ये मला सगळे शोध्या म्हणत, आणि मला ते नाव आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त आवडायचं.

लोकांना वाटायचं मी नंबर पाठ करतो. तसं नव्हतं. वाचलेला आकडा माझ्या डोक्यात टिकत नाही, पण ऐकलेला जात नाही. ट्रॅक्टर शेडमध्ये शिरताना ड्रायव्हरनं शेवटचे चार आकडे मोठ्यानं म्हणायचे, अशी मी सगळ्यांना शिस्त लावली होती. कोण म्हणाला, कुठल्या वेळेला म्हणाला, त्यानं गाडी कुणाशेजारी लावली, एवढं एकदा कानावरून आणि डोळ्यांखालून गेलं की माझं काम झालं. एकोणीस वर्षं मी हे केलं. या काळात एकही चुकीचा ट्रॅक्टर शेडबाहेर गेला नाही. गर्व म्हणा हवं तर. गर्व करण्यासारखी गोष्ट होती, म्हणून मी तो करत होतो.

ती पोरगी जयसिंगपूरची. ऋजुता मगदूम. इंजिनिअर होती, आणखी दोघांना घेऊन इचलकरंजीत एका खोलीत कंपनी काढली होती. आमचे डिस्पॅचचे कोरगावकर साहेब तिला घेऊन आले तेव्हाच त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. मशीन जमलं तर गाड्या शोधायला वेगळा माणूस ठेवायचं कारण राहणार नाही. पगार तोच राहील, पण मला लाइनवर जावं लागेल, मागच्या चाकाचे नट आवळायला. जमलं नाही तर पोरगी सामान घेऊन परत जाईल आणि माझं जसं आहे तसं चालू राहील. मशीन जमलं की नाही हे ठरवायचं कसं, असं मी विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, "सोपं आहे. तुम्हाला हरवलं तर जमलं."

बावन्न वर्षांचा होतो मी. नट आवळायची मला लाज नव्हती. पण लाइनवर साठ माणसं नट आवळत होती आणि शोध्या कंपनीत एकच होता.

तिचं मशीन म्हणजे मोठं काही नव्हतं. पत्त्याएवढी प्लास्टिकची एक पट्टी, तिला ती टॅग म्हणायची. तो तारेच्या आकड्यानं ट्रॅक्टरला अडकवायचा. छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांना चौकोनी पेट्या बांधलेल्या. पेटीतून रेडिओच्या लहरी खाली यायच्या, टॅग त्यांना उत्तर द्यायचा, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर शेडच्या नकाशात हिरवा ठिपका पडायचा. कोणता टॅग कोणत्या ट्रॅक्टरला लावला हे लाइनच्या दारात एकदा कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं. मग नंबर टाइप केला की ठिपका दिसायचा. ट्रॅक्टर विकला गेला की टॅग काढून घ्यायचा आणि नव्याला लावायचा.

पहिले दोन महिने ठिपक्यांनी तिला रडवलं. शेड पत्र्याचं, गाड्या लोखंडाच्या. लहरी कुठंही आपटायच्या आणि कुठूनही परत यायच्या. एकाच ट्रॅक्टरचा ठिपका सकाळी बाराव्या रांगेत असायचा आणि जेवणाच्या सुट्टीत सहाव्या. मी तिला म्हणायचो, तुझा ट्रॅक्टर बघ, डिझेल न पिता फिरून आला. सदाशिव लोहार, आमचा युनियनचा माणूस आणि माझा जिवाभावाचा मित्र, रोज मुद्दाम कॉम्प्युटरसमोर उभा राहून हसायचा. पोरगी कुणालाच उलटून बोलायची नाही. खोक्याचा पुठ्ठा अंथरून ट्रॅक्टरखाली झोपायची आणि टॅग इथं लाव, तिथं लाव असं करत बसायची. शेवटी बॉनेटवरचा टॅग काढून स्टिअरिंगला अडकवला आणि पेट्या थोड्या तिरक्या बांधल्या, तेव्हा ठिपके जागेवर थांबायला लागले. त्या दिवशी तिनं सगळ्या शेडला भडंग वाटलं. मीही दोन मुठी खाल्लं. जयसिंगपूरचं होतं, चांगलं होतं.

खरं सांगायचं तर ती मला आवडायला लागली होती. काम करणारा माणूस मला ओळखू येतो. कुठला ड्रायव्हर गाडी तिरकी लावतो, कुठल्या रांगेवर दुपारी क्रेन येऊन थांबते, हे मीच तिला सांगत होतो. सदा चिडायचा. म्हणायचा, बकरा आपणच सुरीला धार लावून देतोय. मी म्हणायचो, लेका, मी बकरा न्हाई. हरवून दाखवू दे मला मशीननं. मला खात्री होती की ते हरवणार नाही.

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. पोरगी खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच सणाला म्हणून गावी गेली. जाताना मला एवढंच म्हणाली की टॅग नाजूक आहेत, मामा, जरा लक्ष ठेवा.

आता आमच्या शेडची खंडेनवमी सांगायला पाहिजे. सगळ्या ट्रॅक्टरांना हार घालायचे तर झेंडू कुठून आणायचा? म्हणून जुन्या लोकांनी एक पद्धत पाडली होती. सातवी रांग पूजेची. शेडच्या मधोमध असलेले ते बेचाळीस ट्रॅक्टर सगळ्यांच्या वतीनं धुवायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, हार घालायचे. दाराजवळ पाट मांडून त्यावर आपापली हत्यारं ठेवायची. पाने, जॅक, हवेचा पंप, हातोडे. माझ्याकडं हत्यार नव्हतं. दरवर्षी मी पाटावर नुसता नारळ ठेवायचो आणि म्हणायचो, माझं हत्यार मानंवर हाय, ते काढून ठेवता येत नाही.

त्या वर्षी पाणी मारायच्या आधी मला आठवलं की टॅग नाजूक आहेत. पाइपचं पाणी लागून बिघडले तर पोरीचं नुकसान. मी बांधायची तार घेतली, दारातल्या पहिल्या ट्रॅक्टरपासून सुरुवात केली आणि टॅग काढून तारेत ओवत ओवत भिंतीपर्यंत गेलो. बेचाळीस टॅग, सगळे एका तारेत. पोरांनी गाड्या धुतल्या. पूजा मांडली तेव्हा मला वाटलं, ती पोरगी इथं नाही, पण तिचंही हत्यार आहेच की. मी ती तार पाटावर ठेवली. सदानं डोळे वटारले. मी म्हटलं, खंडेनवमीला हत्याराचा मालक बघत नाहीत. टॅगांनाही हळदकुंकू लागलं, फूल पडलं. आरती झाली. मग मी तार उचलली आणि पाट दाराशीच होता म्हणून दारातल्या ट्रॅक्टरपासूनच टॅग परत अडकवत गेलो. सगळं जसं होतं तसं ठेवलं या समाधानात घरी गेलो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला कोरगावकर साहेब हातात कागद घेऊन शेडच्या दारात उभे राहिले. त्या दिवशी जायच्या गाड्यांच्या यादीतून त्यांनी दहा नंबर निवडले होते. नियम साधा होता. साहेब नंबर पुकारणार. मी माझ्या डोक्यानं चालत जायचं. पोरीनं कॉम्प्युटरवर ठिपका बघून अस्लमला सांगायचं आणि त्यानं पळायचं. बरोबर ट्रॅक्टरवर ज्याचा हात आधी पडेल त्याला एक. अस्लम पंचवीस वर्षांचा ड्रायव्हर होता आणि हरणासारखा पळायचा. माझ्या गुडघ्याला पळणं जमत नव्हतं, पण मला कॉम्प्युटरकडं बघत बसायला लागत नव्हतं.

पहिला नंबर तिसऱ्या रांगेतला. अस्लमचा हात आधी पडला. दुसरा दहाव्या रांगेतला, दाराजवळचा. तो माझा. तिसरा थेट शेवटच्या रांगेत, भिंतीकडं. अस्लम वाऱ्यासारखा गेला. दोन-एक. शेडमधली सगळी माणसं काम सोडून मधल्या वाटेवर जमा झाली होती. सदा माझ्या मागं मागं चालत होता आणि त्याचं तोंड उतरलं होतं. पोरगी खुर्चीत ताठ बसली होती.

चौथा नंबर सातव्या रांगेतला निघाला. अस्लम रांगेच्या भिंतीकडच्या टोकाला धावला, गाडीवर हात ठेवला, वाकून नंबर वाचला आणि तसाच वाकून राहिला. मी तोवर दारापासून चौथ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हात ठेवून उभा होतो. साहेबांनी येऊन नंबर तपासला. माझा बरोबर होता.

पाचवा पुन्हा सातव्या रांगेतला. पूजेच्या गाड्या दसऱ्यानंतर आधी पाठवायच्या असतात, त्यामुळं यादीत त्याच जास्त होत्या. या वेळी अस्लम दाराकडं आला आणि मी भिंतीकडं गेलो. त्याची चूक, माझा बरोबर. लोक बोलायला लागले. सहावाही तिथलाच. माझा ट्रॅक्टर दाराकडून दहावा होता. अस्लम भिंतीकडून दहाव्याला हात लावून उभा होता आणि मान हलवत होता. चार-दोन झाले. सदानं माझ्या पाठीत थाप मारली. पोरगी खुर्चीतून उठली होती. तिचा चेहरा मी लांबून बघितला. दोन महिने ठिपके उड्या मारत होते तेव्हासुद्धा तो असा झाला नव्हता. ती अस्लमला परत परत विचारत होती की भिंतीकडून दहावाच ना, आणि अस्लम म्हणत होता की होय, तुम्ही सांगितला तोच.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "मगदूम, बास झालं. ट्रॅक्टर सापडत नसेल तर नकाशा घेऊन काय करू?"

ती म्हणाली की गावी जायच्या आधी सगळं बरोबर दिसत होतं. साहेब म्हणाले, दिसायला काय, दिसत असेल.

मी दहाव्या ट्रॅक्टरला टेकून उभा होतो. दाराकडून दहावा आणि भिंतीकडून दहावा. त्याच्या आधी मी भिंतीकडं गेलो तेव्हा अस्लम दाराकडं. त्याच्या आधी मी चौथा, आणि तोही चौथाच, पण दुसऱ्या टोकाचा. दरवेळी त्याचा ठिपका माझ्या बरोबर उलट्या जागी पडत होता. माझ्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला लटकणाऱ्या टॅगवर कुंकवाचं बोट होतं. त्याकडं बघितलं आणि ती तार माझ्या डोळ्यांसमोर आली. दारातल्या ट्रॅक्टरचा टॅग मी सगळ्यांत आधी ओवला होता, म्हणजे तो तारेच्या तळाला गेला. परत लावताना वरचा आधी काढला, म्हणजे भिंतीकडचा. तो दारातल्या ट्रॅक्टरला अडकवला. आणि तसाच पुढं पुढं गेलो. सबंध रांग मी उलटी करून ठेवली होती. बेचाळीसपैकी एकही टॅग आपल्या गाडीवर नव्हता. प्रत्येक टॅगवर बारीक अक्षरात नंबर छापलेला होता. दुसऱ्या कुणीही तो वाचला असता. मी जन्मात नंबर वाचला नव्हता.

ज्याला हे उमगलं असा त्या शेडमध्ये मी एकटाच होतो.

सदा माझा चेहरा ओळखतो. जवळ येऊन हळूच म्हणाला, काय झालं? मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि माझा दंड धरला.

"गप बस. तोंडातनं अवाक्षर काढू नगंस. तू काय मुद्दाम केलं न्हाईस. देवाची पूजा केलीस. देवानंच केलं म्हण."

मी गप्प बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. साहेब दारापर्यंत पोचले होते, म्हणजे बराच वेळ. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सगळं चांगलं नव्हतं. माझी जागा राहत होती. उद्याही ड्रायव्हर मला आकडे ऐकवत शेडमध्ये शिरणार होते. लोक कौतुकानं माझ्याकडं बघत होते, कुणीतरी माझं नाव घेऊन शिट्टी मारली. आणि ती शिट्टी कानावर पडली तेव्हा मला स्वतःचा भयंकर राग आला. एकोणीस वर्षं मी कमावलेली शिट्टी ही नव्हती.

"साहेब," मी म्हणालो. आवाज एवढा मोठा लागला की मीच दचकलो. "मशीन बरोबर सांगतंय. चूक माझी हाय."

साहेब वळले. गुडघा दुखत होता म्हणून मी ट्रॅक्टरच्या पायरीवर बसलो आणि बसूनच सगळं सांगितलं. तार, पाट, पाणी, हळदकुंकू. कुठून ओवले आणि कुठून लावले. माझं झाल्यावर साहेब जवळ आले.

"हिंदुराव, तुम्ही चार-दोननं पुढं आहात. कळतंय ना काय बोलताय?"

"ते चार पुसा, साहेब. त्यातला एकच माझा. तीन तारंचे हाईत."

पोरगी एव्हाना दाराजवळच्या पहिल्या ट्रॅक्टरपाशी गेली होती. तिनं टॅग उलटा करून नंबर वाचला, अस्लमला भिंतीकडं पिटाळलं, तिथला वाचायला लावला. दोन्ही एकमेकांचे होते. मग दुसरा, मग तिसरा. मग ती सरळ कॉम्प्युटरवर जाऊन बसली आणि सातवी रांग उलटी केली. तिला दहा मिनिटं लागली. मला ती रांग उलटी करायला अर्धा दिवस लागला होता.

साहेबांनी नवे दहा नंबर काढले. या वेळी मी सगळा जीव लावला. खोटं कशाला सांगू, जिंकायचंच होतं मला. गुडघा विसरून चाललो, दोनदा तर नंबर पुकारून व्हायच्या आधीच अर्ध्या वाटेवर होतो. पण अस्लम एकदाही चुकला नाही. आठव्या नंबरला आम्ही दोघं एकदमच पोचलो आणि त्याचा हात माझ्या हातावर पडला. तो मला दिला. शेवटी मशीन सहा, मी चार. पंचवीस वर्षांचे पाय आणि छताला टांगलेल्या अठ्ठावीस पेट्या यांच्याविरुद्ध चार. ते चार मी आजही कुणालाही सांगतो.

साहेबांनी कागदावर सही केली, पोरीशी हात मिळवला आणि मला म्हणाले की लाइनचं उद्या बघू. सदा मला न भेटता निघून गेला. पुढं दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. म्हणायचा, माणसाच्या हातची भाकरी मशीनला घातली यानं. त्याचंही काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी गेटवर पोरगी थांबली होती. तिनं विचारलं की मामा, तुम्ही बोलला नसता तर मी उद्या सामान गुंडाळून गेले असते, मग का बोललात? मी तिला म्हणालो, "पोरी, हात बांधलेल्या गड्याला पाडून कुस्ती मारली, असं कोल्हापुरात कोण म्हणत न्हाई. आणि तुझे हात मीच बांधले होते." तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी मी तिला अडवलं नाही.

मी लाइनवर नट आवळायला गेलो नाही. त्याच आठवड्यात पोरीनं साहेबांना अट घातली की लाइनच्या दारात टॅग अडकवायचं काम हिंदुराव पोवारच करतील. मी उसळलो. दया नको, म्हणालो. ती म्हणाली, दया नाही. टॅग सगळेच चुकवतील, पण कुठं चुकलो ते नेमकं सांगणारा माणूस मला पाहिजे. पुढं निवृत्त होईपर्यंत, सहा वर्षं, मी त्या टेबलावर होतो. टॅगवरचा नंबर मोठ्यानं वाचायचो, म्हणजे माझाच आवाज मला ऐकू यायचा, आणि मग अडकवायचो. सहा वर्षांत एकही टॅग चुकीच्या ट्रॅक्टरवर गेला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी गेटवरून निघालो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माझी जागा गेली, एवढंच माहीत होतं. घरी पोचलो तर बातमी सदाच्या घरून माझ्या आधी पोचलेली. आमची सुगंधा चुलीपुढं भाकरी करत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"जिंकत होतासा म्हणं."

"व्हय."

"आणि आपणहून सांगितलंसा."

"व्हय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मी वाट बघत होतो. तिच्या जिभेला मी बत्तीस वर्षं ओळखत होतो. भाकरी फुगली तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. जिंकून आला असतासा तर सा महिनं आमाला तेच ऐकायला लागलं असतं. जेवा आता गप."

माझ्यापुढं ताट ठेवलं आणि वाटीत आमटी घेऊन ती शेजारच्या इंदूवहिनींकडं गेली. आमटी द्यायला पाच मिनिटं पुरतात. ती अर्धा तास आली नाही. दोन्ही घरांच्या मधली भिंत छातीएवढीच होती, वरून सगळं ऐकू यायचं. सुगंधा सांगत होती की शंभर ट्रॅक्टरांचे टॅग उलटे पडले होते, मोठे साहेब खुर्चीवरनं उठून उभे राहिले, आणि आमच्या मालकांनी भरल्या शेडमधी छातीवर हात ठेवून सांगितलं की मशीन खरं हाय, चूक माझी हाय. असा माणूस दाखव मला कागलात, असं ती इंदूवहिनींना म्हणाली.

ट्रॅक्टर बेचाळीस होते. साहेब सकाळपासून उभेच होते. माझा हात छातीवर नव्हता, दुखऱ्या गुडघ्यावर होता. मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिलो, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा काही दुरुस्त करायला गेलो नाही.